रविवारच्या बाजारातले मातीसकट लीक

टाफ नदीच्या काठाने, रग्बीच्या मोठ्या स्टेडियमच्या बरोबर समोर, दर रविवारी सकाळी १० ते दुपारी २ रिव्हरसाइडचा शेतकरी बाजार भरतो. आम्ही वेल्समधल्या या कार्डिफ शहरातच कॅन्टनला राहतो, तिथून रमतगमत वीस मिनिटं. गेली सात वर्षं थंडीचा मोसम सुरू झाला की मी तिथल्या एकाच भाजीवाल्याकडून लीक घेते. पाऊस असो, वारा असो, रविवार चुकत नाही. इथे नव्याने आलेली मराठी मंडळी विचारतात, ‘ते लांब कांद्याच्या पातीसारखं काय मिळतं, त्याचं करायचं काय? आणि घ्यायचं कुठून?’ दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

लीक हा कांदा-लसणाच्याच कुळातला, पण याला कांद्यासारखा गड्डा धरत नाही. पानं बुडाशी एकमेकांत घट्ट गुंडाळलेली असतात आणि त्यांचाच हातभर सोटा तयार होतो: खाली पांढरा, मध्ये पोपटी, वर निळसर हिरवा. चवीला कांद्याहून सौम्य आणि गोडसर. चिरताना डोळ्यांना फारसं पाणी येत नाही. मंद आचेवर शिजला की अगदी मऊसूत होतो. वेल्समध्ये तर हा मानाचा. १ मार्चला, वेल्सचे संरक्षक संत सेंट डेव्हिड यांच्या दिवशी, लोक छातीवर लीक नाहीतर डॅफोडिलचं फूल टाचून फिरतात. सॅक्सनांशी लढताना आपली माणसं ओळखू यावीत म्हणून वेल्सच्या सैनिकांनी शिरस्त्राणात लीक खोवले, अशी आख्यायिका आहे. वेल्श गार्ड्स या पलटणीच्या टोपीवर आजही लीकचंच चिन्ह असतं. माझी मुलगी इथल्या वेल्श माध्यमाच्या शाळेत जाते. त्या दिवशी स्वेटरला लहानसा लीक टाचून जाते आणि दुपारी घरी येते तेव्हा तिच्या दप्तरालासुद्धा कांद्याचा वास येत असतो. लीकला वेल्शमध्ये ‘केनिन’ म्हणतात, हे मला तिनेच शिकवलं.

आता त्या भाजीवाल्याविषयी. त्याच्याकडे बटाटे, स्वीड (सलगमसारखा कंद), केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी) असं मोसमाप्रमाणे असतं, पण मी जाते ती लीकसाठी. हिरव्या क्रेटमध्ये लीक उभे रचलेले असतात, मुळांसकट, पानांच्या शेंड्यांसकट आणि मुळांना चिकटलेल्या ओल्या मातीसकट. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पुढे निघून गेले होते. सुपरमार्केटात दोन्हीकडून छाटलेले, धुतलेले, पांढरेशुभ्र लीक मिळत असताना हा चिखल घरी कशाला न्यायचा, असं वाटलं. ते माझं मत साफ चुकलं होतं, आणि का चुकलं ते सांगण्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. कांद्यातच वाढले म्हटलं तरी चालेल. म्हणून एका रविवारी त्या भाजीवाल्याला विचारलं, तुम्ही हे लावता कसे? गर्दी नव्हती, त्याने सगळं सांगितलं. वसंत ऋतूत बी पेरून रोपं करायची. रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की उन्हाळ्याच्या सुरुवातीला लागवड. लाकडी खुंट्याने वीतभर खोल भोक पाडायचं आणि रोप त्यात सोडायचं. भोक मातीने बुजवायचं नाही, फक्त पाणी घालायचं. पाण्याबरोबर हवी तेवढी माती आपोआप मुळांशी बसते. मग रोप वाढेल तशी वरून मातीची भर लावत जायचं. जेवढ्या भागाला ऊन लागत नाही तेवढा भाग पांढरा आणि कोवळा राहतो. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लीक मातीत पुरूनच वाढवतात, पानं वरून उघडी असतात, दर भरीला आणि दर पावसाला थोडी माती पानांच्या बेचक्यात पडते, आणि सोटा वाढतो तसतशी ती आत अडकून बसते. म्हणजे लीक बाहेरून कितीही धुतलेला असला तरी आत माती असणारच. सुपरमार्केटात जे धुतात ते फक्त वरचं सालपट.

याचा अनुभव मी त्याआधीच घेतला होता. इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या आजींना जेवायला बोलावलं होतं. त्या कार्मार्थेनशरच्या. माझी मुलगी त्यांना ‘मॅमगी’ म्हणते. तिकडे आजीला तेच म्हणतात. त्यांच्या आवडीचं काहीतरी करावं म्हणून एका मोठ्या दुकानातून चकचकीत लीक आणले, चकत्या केल्या, चाळणीत घालून नळाखाली धरल्या आणि बटाटा घालून भाजी केली. पहिल्याच घासाला दाताखाली कचकच! मॅमगींनी शांतपणे दोन घास खाल्ले आणि पाणी प्यायल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुण्याच्या ताटात रेव जावी याचं वाईट वाटायचं ते वाटतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतःच एक लीक घेऊन आल्या आणि माझ्या ओट्याशी उभ्या राहिल्या. मुळाची शेंडी तेवढी छाटली, बूड तसंच ठेवलं. बुडापासून दोन बोटं जागा सोडून सुरीचं टोक खुपसलं आणि थेट शेंड्यापर्यंत उभी चीर दिली. मग लीक पाव वळसा फिरवून दुसरी चीर. खाली बूड जोडलेलंच असल्यामुळे लीक केरसुणीसारखा उघडला. तो त्यांनी नळाखाली उलटा धरला, पानं खाली आणि बूड वर, आणि पत्त्यांचा कॅट पिसावा तशी एकेक पान अंगठ्याने सरकवत पाणी आत जाऊ दिलं. पोपटी भागाजवळ, जिथे पानं फाकायला लागतात तिथे, तपकिरी रेघ दिसली आणि पाण्याबरोबर वाहून गेली. बूड खाली धरलं असतं तर तीच माती वाहत जाऊन पांढऱ्या भागात बसली असती. उलटं का धरायचं हे त्यांनी शब्दाने सांगितलं नाही, पण बघून लगेच कळलं.

त्याच आठवड्यात आईशी फोनवर बोलणं झालं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “अगं, मेथी कशी धुतेस? परातीत धुतेस ना? मग हेही परातीतच धू. आणि भाजी पाण्यातून उचलायची, पाणी भाजीवरून ओतायचं नाही. माती खाली बसलेली असते, परात वाकडी केलीस की परत भाजीवरच यायची.”

किती साधी गोष्ट! लहानपणापासून अंगणात बसून आजीला मेथी, चुका, शेपू असेच धुताना पाहिलं होतं. तरी लीक ‘परदेशी’ म्हणून मी तो चाळणीत टाकला.

भाजीसाठी लीक आता मी असा धुते. नाशिकच्या भांडी बाजारातून आणलेली मोठी स्टीलची परात गार पाण्याने भरते. लीक आधी चिरून घेते, कारण भाजीसाठी तो सुटाच हवा असतो. चिरलेला लीक परातीत टाकून दोन्ही हातांनी खालून वर ढवळते आणि चकत्यांच्या कड्या बोटांनी सुट्या करते. मधली घट्ट कडी मोकळी झाली नाही तर माती तिथेच राहते. मग पाच-दहा मिनिटं परातीला हात लावायचा नाही. लीक हलका, तो वर तरंगतो आणि रेव तळाला बसते. झाऱ्याने किंवा ओंजळीने वरचा वर उचलून चाळणीत ठेवायचा, पाणी फेकायचं, परात विसळायची आणि पुन्हा तेच. सप्टेंबरच्या लीकला दोन पाणी पुरतात. जानेवारी-फेब्रुवारीत, शेतात महिनाभर पाऊस झालेला असतो तेव्हा, तीन लागतात. शेवटचं पाणी फेकण्याआधी परातीच्या तळावर बोट फिरवून बघते. बोटाला एकही कण लागला नाही की झालं.

निवडताना काय बघायचं? आधी पांढऱ्या भागाची लांबी. वीतभर तरी हवा. त्याहून कमी असेल तर भर नीट लागलेली नाही आणि पैसे पानांचेच पडतात. सोटा खालपासून वरपर्यंत सरळ एकसारखा असावा, बुडाशी फुगलेला नको. जाडी दोन बोटांची उत्तम. मनगटाएवढे जाड लीक दिसायला छान दिसतात, पण शिजायला वेळ घेतात आणि बरेचदा आतून राठ निघतात. मग अंगठ्याने मध्यभागी दाबून बघायचं: टणक लागला पाहिजे, पोकळ किंवा लिबलिबीत नको. मुळं पांढरी आणि ओलसर असली की ताजा. वाळून दोऱ्यासारखी झाली असतील तर काढून आठवडा तरी झाला. मुळं छाटलेला लीक घेतला तर ही खूण हातची जाते, म्हणून मला मुळांसकट हवा असतो. पानांवर नारिंगी ठिपके असतील तर तो तांबेरा. थोडा असेल तर ती पानं काढून बाकीचा लीक खुशाल वापरावा. रुपेरी ओरखड्यांसारखे डाग फुलकिड्यांचे, आमच्याकडे कांद्यावर पडतात तसेच. तेही वरच्या पानांपुरतेच असतात. पानांच्या कापल्या जागी कधी चिकट बुळबुळीत द्रव दिसतो, त्याला घाबरू नका, तो लीकचाच आहे. वास मात्र घ्या. कुजका वास आला तर ठेवून द्या.

भावाचं बोलायचं तर मी शेवटचे घेतले तेव्हा तीन लीकची जुडी अडीच पौंडांना होती. सुपरमार्केटचं अर्ध्या किलोचं पाकीट याहून स्वस्त दिसतं. म्हणून एकदा घरच्या काट्यावर दोन्ही तोलले. बाजारातली जुडी ११०० ग्रॅम भरली. मुळं, बूड, माती आणि फाटकी पानं मिळून १६० ग्रॅम गेले. पांढरा-पोपटी भाग ६४० ग्रॅम आणि वरची चांगली हिरवी पानं ३०० ग्रॅम. पाकिटातल्या ५०० ग्रॅमपैकी ४३० ग्रॅम हाती लागले, पण हिरवी पानं त्यांनी आधीच छाटलेली. ती हिरवी पानं म्हणजे माझं निम्मं काम असतं, म्हणून मला बाजारातली जुडीच परवडते.

चिरून धुतलेल्या लीकचं पाकीटही मी घेऊन पाहिलं आहे. कामाच्या दिवशी सोपं जाईल असं वाटलं होतं. कडा वाळलेल्या, तळाला पाणी सुटलेलं, आणि उघडल्या उघडल्या शिळ्या कांद्याचा उग्र वास. निम्मं उरलेलं दुसऱ्या दिवशी चिकट झालं. पुन्हा घेणार नाही.

चिरण्याचं तंत्र फार अवघड नाही, पण एक गोष्ट महत्त्वाची: बूड शेवटी कापायचं. तेच सगळी पानं धरून ठेवतं. आधी उडवलंत तर सुरीखाली सोटा सुटा होऊन घरंगळतो. सगळ्यात बाहेरचं पान राठ असेल तर सोलून टाका. सूपसाठी पातळ चकत्या. भाजीसाठी मधोमध उभा कापून अर्धचंद्र. रस्सेदार काही करायचं असेल तर पेरभर लांबीचे तुकडे, ते शिजून विरघळत नाहीत. तळून वर भुरभुरायला उभे बारीक काप छान लागतात, पण ते दोन पेरांहून लांब ठेवू नका; लीकचे धागे लांब असतात आणि घशात अडकतात. हिरवी पानं मात्र नेहमी आडवी चिरायची, एकावर एक रचून, कोथिंबिरीसारखी बारीक. उभी चिरलेली हिरवी पानं कितीही शिजवा, चावत बसावं लागतं. मी हे विळीवर करते. ज्यांना सुरीची सवय आहे त्यांनी ती धारदार ठेवावी, बोथट सुरीने आतल्या कड्या निसटतात.

या लीकची आमच्याकडे सगळ्यात जास्त होते ती पीठ पेरून भाजी. तीन चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, दोन हिरव्या मिरच्या. त्यावर चिरलेला लीक आणि मीठ, आणि मग झाकण ठेवून अगदी मंद आचेवर. कांदा आपण परततो तसा मोठ्या आचेवर परतू नका. लीक कांद्यापेक्षा लवकर करपतो आणि करपला की कडवट होतो. दहा-बारा मिनिटांत तो स्वतःच्याच पाण्यात मऊ होतो. मग तीन-चार चमचे भाजलेलं बेसन भुरभुरत ढवळायचं, पुन्हा एक वाफ, वरून लिंबू. कांद्याच्या पातीच्या झुणक्याहून हा गोड आणि मऊ लागतो. भाकरीबरोबर खा. हिरवा भाग बारीक चिरून थालीपिठात जातो, भाजणीत आणखी कांदा घालायची गरज पडत नाही. अगदी वरचे जाड गडद शेंडे मी पाण्यात उकळून ते पाणी आमटीला वापरते.

मॅमगी कौल करतात: मटण, स्वीड, गाजर, बटाटा आणि लीक यांचा पातळ रस्सा. आम्ही शाकाहारी, म्हणून त्या आमच्यासाठी बिनमटणाचा वेगळा करतात आणि निम्मा लीक अगदी शेवटच्या दहा मिनिटांत घालतात, म्हणजे वाडग्यात तो हिरवागार दिसतो. ग्लॅमॉर्गन सॉसेज हा पदार्थही त्यांनीच दाखवला. नाव सॉसेज असलं तरी त्यात मांस नसतं. केअरफिली चीज, लीक आणि पावाचा चुरा यांचे लांबट वडे करून परततात. त्यात लीक आधी परतून, पूर्ण गार करून घालावा लागतो, नाहीतर वडे फुटतात. माझ्या मुलीला त्यांनी एक जुना गोल पौंड दिला आहे, १९८५ सालचा. त्यावर मुकुटातून उगवलेला लीक कोरलेला आहे. तो तिने शाळेतही नेऊन दाखवला.

आईने एकदा विचारलं होतं, “चातुर्मासात चालेल का गं हा?” मी म्हटलं, कांद्याच्याच कुळातला आहे, आई, नाही चालणार. मग आम्ही कांदेनवमीला फ्रीझरमधल्या लीकची भजी केली. ताज्याची सर नाही, कारण आषाढात इथे लीक नसतोच. गोठवायचा असेल तर धुऊन, चिरून, कापडावर पूर्ण कोरडा करून ठेवा. तीनेक महिने चालतो, फक्त शिजवायच्या कामाचा राहतो.

ताजा टिकवायचा तर धुऊ नका आणि छाटूही नका. मुळांभोवती ओलसर वर्तमानपत्र गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवला की माझ्याकडे दहा-बारा दिवस छान राहतो. वर्तमानपत्राशिवाय ठेवला तर दुधाला आणि लोण्याला वास लागतो, हे लक्षात असू द्या.

उणिवा म्हणाल तर आहेत. बारा वाजेपर्यंत चांगले लीक संपतात, साडेबाराला गेलात तर तळाचे आणि वाकडे उरतात. मे ते ऑगस्ट लीक नसतो. जुडी लांब असते, साध्या पिशवीत मावत नाही. त्याला सांगितलं तर शेंडे छाटून देतो, पण मी खांद्याच्या लांब पिशवीत तशीच घेते. घरी पोचेपर्यंत पिशवीत माती होते, तेव्हा आत एक वर्तमानपत्र घालून न्या. चव, ताजेपणा आणि भाजीवाल्याचं सरळ बोलणं यासाठी माझे पाचातले पाच, सोयीसाठी तीन.

एप्रिलमध्ये जाणार असाल तर एक सांगून ठेवते. तेव्हा लीकला डेंगळे यायला लागतात, अगदी आपल्या कांद्याला येतात तसे. बाहेरून काही कळत नाही, पण सोट्याच्या मधोमध फुलाचा कडक दांडा वाढलेला असतो आणि तो कितीही शिजवला तरी शिजत नाही. हा भाजीवाला त्या दिवसांत स्वतःच एक लीक मधोमध उभा कापून क्रेटवर ठेवतो, म्हणजे गिऱ्हाइकाला दिसावं. आत पिवळसर दांडा दिसायला लागला की सगळी क्रेट निम्म्या भावाला. मी तेही घेते. उभी चीर देऊन मधला दांडा ओढून काढला की बाहेरची पानं चांगलीच निघतात, आणि शेवटच्या दोन रविवारी थालीपिठाला तेवढी पुरतात.